थोर शास्त्रज्ञांवरचे चरित्रपट कसे पाहावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना, आणि त्यांच्या निमित्ताने पालकांनाही, शास्त्रज्ञांवरचे चरित्रपट दाखवत आलो आहे. प्रोजेक्टर बंद झाला की खुर्च्या उचलता उचलता जे प्रश्न विचारले जातात, ते थोड्याफार फरकाने दर वेळी तेच असतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मते माझी आहेत आणि काही ठिकाणी ती तिखट आहेत.

चरित्रपट म्हणजे माहितीपट नव्हे, हे मान्य. मग त्याच्याकडून अपेक्षा तरी कोणती ठेवावी?

मराठी प्रेक्षकाला हा प्रकार नवा नाही. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला आणि इंद्रायणीत बुडवलेली गाथा पडद्यावर वर आली तेव्हा कोणी पुरावा मागितला नाही, कारण आपण संतपट पाहत आहोत हे प्रत्येकाला ठाऊक होते. शास्त्रज्ञांवरच्या चरित्रपटांचा साचा बराचसा संतपटासारखाच असतो, हे एकदा लक्षात आले की निम्मे काम होते. नायकाला लहानपणीच वेगळी दृष्टी असते, जग त्याला वेडा ठरवते, एक सालोमालो, म्हणजे तुकारामांच्या त्या मत्सरी प्रतिस्पर्ध्यासारखा कोणीतरी, त्याच्या वाईटावर असतो, मग चमत्कार घडतो आणि शेवटी सगळे हात जोडतात. फरक इतकाच की संतपटातला चमत्कार आपण श्रद्धेने स्वीकारतो, आणि शास्त्रज्ञाच्या चित्रपटातला चमत्कार मात्र ‘इतिहास’ म्हणून घरी घेऊन जातो. घोटाळा तेथे होतो.

त्यामुळे अपेक्षा ठेवायची ती तारखांच्या अचूकतेची नव्हे. संशोधन नावाचे काम प्रत्यक्षात कसे चालते, त्याला किती माणसे लागतात, किती वेळ लागतो आणि चुकणे हा त्याचा किती मोठा भाग असतो, याची प्रामाणिक कल्पना चित्रपट देतो का, एवढे पाहावे. माझी फूटपट्टी हीच आहे आणि पुढची बहुतेक उत्तरे तिच्यावरच मोजलेली आहेत.

सुरुवात कोणत्या चित्रपटाने करावी?

‘हिडन फिगर्स’ (२०१६) या चित्रपटाने करावी. नासाच्या लँग्ली केंद्रात हाताने आकडेमोड करणाऱ्या कॅथरिन जॉन्सन, डोरोथी व्हॉन आणि मेरी जॅक्सन या तीन कृष्णवर्णीय स्त्रियांची ही गोष्ट आहे. तिच्यात नायिका तीन आहेत, त्यामुळे ‘एकटा प्रतिभावंत विरुद्ध जग’ हा साचा मुळातच मोडतो, आणि हिशेब करणे हे कष्टाचे, पगारी, सामूहिक काम आहे हे दिसते. शिवाय चित्रपट रंजक आहे. पहिल्याच बैठकीला तीन तासांचा ‘ओपनहायमर’ लावून घरातल्या मंडळींना कायमचे पळवून लावलेले पालक मी पाहिले आहेत.

पडद्यावर दाखवलेले कितपत खरे असते?

याचे एकच एक उत्तर देता येत नाही, कारण बदल निरनिराळ्या जातींचे असतात आणि त्यांचे वजन सारखे नसते.

पहिली जात काळ आवळण्याची. ‘हिडन फिगर्स’मध्ये डोरोथी व्हॉन यांना पर्यवेक्षकपद मिळावे म्हणून १९६१ साली झगडावे लागते असे दिसते; प्रत्यक्षात त्या १९४९ सालीच पर्यवेक्षक झाल्या होत्या आणि कृष्णवर्णीय स्त्रियांचा वेगळा विभाग १९५८ मध्ये बरखास्तही झाला होता. दोन तासांत वीस वर्षे बसवायची म्हटल्यावर असे होणारच.

दुसरी जात अनेक माणसांचे एक माणूस करण्याची. केव्हिन कॉस्टनर यांनी रंगवलेला विभागप्रमुख त्या नावाने कधी अस्तित्वात नव्हता. काही अधिकाऱ्यांचे गुण एकत्र करून तो घडवला आहे. येथवर माझी तक्रार नाही. परंतु हाच काल्पनिक गृहस्थ हातात हत्यार घेऊन स्वच्छतागृहावरची वर्णभेदाची पाटी तोडतो, तेव्हा मात्र मी जरा सावरून बसतो. कॅथरिन जॉन्सन यांनी सांगून ठेवले आहे की त्या बिनपाटीचे, म्हणजे गोऱ्या स्त्रियांसाठीचे स्वच्छतागृह सरळ वापरत असत. म्हणजे ज्या बाईने स्वतःच तो नियम जुमानला नाही, तिची सुटका चित्रपटात एका गोऱ्या साहेबाच्या हातून होते. टाळ्या या प्रसंगालाच पडतात, म्हणून तो विशेष लक्षात ठेवावा.

याच चित्रपटातला एक प्रसंग मात्र, खोटा वाटावा इतका नाट्यमय असूनही, खरा आहे. २० फेब्रुवारी १९६२ च्या उड्डाणापूर्वी अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी संगणकाने काढलेले आकडे जॉन्सन यांच्याकडून हाताने तपासून घ्यावेत अशी मागणी खरोखरच केली होती. चित्रपटात ही तपासणी अगदी उलटगणती सुरू असताना घडल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात त्या कामाला एका दिवसाहून अधिक वेळ लागला.

तिसरी जात एकाच्या तोंडचे दुसऱ्याच्या तोंडी घालण्याची. ‘ओपनहायमर’मध्ये अणुस्फोटाने सगळे वातावरणच पेटेल काय, हा हिशेब घेऊन नायक, म्हणजे अमेरिकेचा पहिला अणुबाँब बनवणाऱ्या प्रयोगशाळेचा प्रमुख, आइन्स्टाइन यांच्याकडे जातो. वास्तविक १९४२ साली ओपनहायमर हा प्रश्न घेऊन गेले होते ते आर्थर कॉम्प्टन यांच्याकडे. दिग्दर्शकाने हे बदलले, कारण प्रेक्षक आइन्स्टाइन यांना ओळखतो आणि कॉम्प्टन यांना ओळखत नाही. कॉम्प्टन हे नोबेलविजेते होते. पण केस विस्कटलेले नव्हते, तेथे बिचाऱ्यांचा नाइलाज झाला.

मग कोणता बदल अक्षम्य मानावा?

ज्याने सहकारी पुसले जातात आणि निर्दोष माणसाला डाग लागतो, तो. ‘द इमिटेशन गेम’ (२०१४) हे याचे ठळक उदाहरण आहे, आणि अभिनय इतका चांगला असल्यामुळे ते अधिक टोचते.

चित्रपटात अ‍ॅलन ट्युरिंग जर्मनांच्या एनिग्मा यंत्रातून निघणारे गुप्त संदेश उकलणारे यंत्र जवळजवळ एकट्याने बांधतात, त्याला बालमित्राचे ‘ख्रिस्तोफर’ हे नाव देतात, आणि वरिष्ठ डेनिस्टन ते बंद पाडू पाहतात. खरी हकीकत अशी की एनिग्माचे सांकेतिक लेखन पहिल्यांदा फोडले ते मारियन रेयेव्हस्की या पोलिश गणितज्ञाने, डिसेंबर १९३२ मध्ये. युद्ध सुरू होण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, जुलै १९३९ मध्ये, पोलंडने आपली सगळी विद्या वॉर्सॉजवळच्या एका बैठकीत ब्रिटिशांच्या आणि फ्रेंचांच्या हवाली केली. ट्युरिंग यांनी त्यावर पुढचे, फार मोठे काम केले. त्यांच्या यंत्रात गॉर्डन वेल्चमन यांनी केलेली सुधारणा निर्णायक ठरली. चित्रपटात वेल्चमन दिसतच नाहीत. मार्च १९४० मध्ये बसवलेल्या पहिल्या यंत्राचे नाव ‘व्हिक्टरी’ होते. युद्धाच्या अखेरीस ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संदेश उकलण्याच्या केंद्रात सुमारे नऊ हजार माणसे काम करत होती आणि त्यांपैकी तीन-चतुर्थांश स्त्रिया होत्या. पडद्यावर एक खोली आणि पाच-सहा जण उरतात.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चालले असते. परंतु पटकथेने सोव्हिएत हेर जॉन केर्नक्रॉस याला ट्युरिंग यांच्या शेजारी आणून बसवले आणि आपले समलैंगिकत्व उघड होईल या भीतीने ट्युरिंग त्याच्याबद्दल गप्प राहतात असे दाखवले. दोघांनी कधी एकत्र काम केले नव्हते. ज्या माणसाला त्याच्याच देशाने १९५२ साली या एका कारणावरून दोषी ठरवले आणि वर्षभर संप्रेरकांचे उपचार घ्यायला लावले, त्याच्या माथी त्याच कारणावरून देशद्रोहाची छाया टाकणे याला नाट्यमय सोय म्हणता येत नाही. डेनिस्टन यांच्या कुटुंबीयांनीही त्यांच्या चित्रणावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. प्रत्येक संताला एक सालोमालो हवाच, या हट्टापायी हे होते.

या पटकथेला ऑस्कर मिळाले, हेही नोंदवून ठेवतो.

‘ओपनहायमर’ पाहण्यापूर्वी काय माहीत असावे?

दोन-तीन गोष्टी कळल्या तर तीन तास जड जात नाहीत. रंगीत भाग ओपनहायमर यांच्या नजरेतून आहे. कृष्णधवल भाग अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष लुईस स्ट्रॉस यांच्या बाजूचा आहे. दोन चौकश्या समांतर चालतात: १९५४ मधली ओपनहायमर यांचा गोपनीय माहिती पाहण्याचा परवाना काढून घेणारी बंद खोलीतली सुनावणी, आणि १९५९ मधली स्ट्रॉस यांच्या मंत्रिपदाबाबतची सिनेटपुढची उघड सुनावणी, जिच्यात ते ४९ विरुद्ध ४६ मतांनी पडले. हे एवढे मनाशी धरले की खोल्यांची आणि कोटांची गल्लत होत नाही. १९५४ चा तो निर्णय अमेरिकी सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये रद्द ठरवला, म्हणजे चित्रपट येण्याच्या सातच महिने आधी.

विज्ञानाच्या दृष्टीने या चित्रपटातला सर्वांत चांगला प्रसंग स्फोटाचा नाही, गोट्यांचा आहे. लॉस अलामॉस या त्यांच्या प्रयोगशाळेतल्या बैठकीत टेबलावर काचेची दोन भांडी असतात, एक मोठे आणि एक लहान, आणि मधूनमधून ओपनहायमर त्यांत काही गोट्या टाकतात. एका भांड्यातल्या गोट्या म्हणजे तयार झालेले युरेनियम, दुसऱ्यातल्या म्हणजे प्लुटोनियम. कोणी काही समजावून सांगत नाही. पण भांडे किती रिकामे आहे हे दिसते आणि सगळा प्रकल्प कशासाठी अडला आहे ते कळते. सूत्रे माहीत असूनही पदार्थ हाती येईना; टेनेसी आणि वॉशिंग्टन राज्यांतले अवाढव्य कारखाने दिवसरात्र चालून मूठमूठ माल देत होते. ट्रिनिटी या पहिल्या अणुचाचणीच्या उपकरणात शेवटी सुमारे सहा किलो प्लुटोनियम होते, मोठ्या संत्र्याएवढा गोळा. विद्यार्थ्यांना मी चित्रपट येथे थांबवून विचारतो की भांडे का भरत नाही. त्या एका प्रश्नावर एक तास निघतो.

दुसरा प्रसंग १६ जुलै १९४५ च्या पहाटेचा. स्फोट होतो आणि चित्रपटात शांतता पसरते. आवाज फार उशिरा येतो. मी पाहिला त्या खेळाला मागच्या रांगेतून कोणीतरी ‘आवाज गेला, आवाज गेला’ असे ओरडले होते. आवाज गेला नव्हता. सर्वांत जवळचे निरीक्षक नऊ-एक किलोमीटरवर होते आणि ध्वनीला तेवढे अंतर कापायला पंचवीस-तीस सेकंद लागतातच, जसा वीज चमकल्यावर गडगडाट मागाहून येतो. बहुतेक चित्रपटांत प्रकाश आणि आवाज एकदमच येतात आणि ते चूक असते. येथे ते बरोबर आहे.

गीतेच्या श्लोकाचा प्रसंग खरा आहे का? त्यावर वाद का झाला?

ओपनहायमर बर्कली येथे आर्थर रायडर यांच्याकडे संस्कृत शिकले आणि गीता मुळातून वाचत असत, हे खरे आहे. ‘कालोऽस्मि लोकक्षयकृत्प्रवृद्धो’ या अकराव्या अध्यायातल्या बत्तिसाव्या श्लोकाची ओळ त्यांनी १९६५ मध्ये दूरचित्रवाणीवरील एका माहितीपटात इंग्रजीतून उद्धृत केली आणि स्फोटाच्या क्षणी आपल्याला ती ओळ आठवली असे सांगितले. त्या पहाटे त्यांनी ती मोठ्याने म्हटल्याचा समकालीन पुरावा नाही. त्यांचे बंधू फ्रँक यांच्या आठवणीनुसार ते ‘जमले’ अशा अर्थाचे काहीतरी म्हणाले होते, आणि प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणालाही हेच अधिक पटेल.

चित्रपटात हा श्लोक एका शय्यादृश्यात येतो आणि भारतात आक्षेप घेतला गेला तो त्यावर. तो प्रसंग कल्पित आहे आणि माझ्या मते दुबळाही आहे, कारण अर्जुनाला युद्धाला उभे करणाऱ्या युक्तिवादाशी या माणसाचे जे नाते होते ते त्यात कोठेच येत नाही. ‘काल’ या शब्दाचा त्यांनी इंग्रजीत ‘मृत्यू’ असा अर्थ घेतला, तो रायडर यांच्या परंपरेतला आहे. घरात ज्ञानेश्वरी असेल तर अकराव्या अध्यायात माउली तेथे काय म्हणतात ते काढून वाचावे, चर्चा आपोआप वरच्या पायरीवर जाते.

गणित किंवा भौतिकशास्त्र समजत नसेल तर हे चित्रपट पाहण्यात अर्थ आहे का?

आहे, पण एक छोटा हिशेब स्वतः करून पाहावा, म्हणजे चित्रपट दुप्पट कळतो. रामानुजन यांच्यावरच्या ‘द मॅन हू न्यू इन्फिनिटी’ (२०१५) या चित्रपटाचा कणा ‘विभाजन’ हा आहे. शब्द अवघड वाटतो. गोष्ट तशी नाही. चार पेढे घ्या आणि ते ढिगांत किती तऱ्हांनी मांडता येतात ते मोजा. चारही एकत्र; तीन आणि एक; दोन आणि दोन; दोन, एक आणि एक; चारही वेगळे. पाच तऱ्हा झाल्या. पाच पेढ्यांच्या सात होतात, दहांच्या बेचाळीस. येथवर मुले हसतखेळत येतात. मग शंभर पेढ्यांच्या किती, असे विचारावे. उत्तर १९ कोटी ५ लाख ६९ हजार २९२ असे आहे. दोनशेंसाठी ते सुमारे चार लाख कोटींच्या घरात जाते.

गणितज्ञ मेजर मॅकमहोन यांनी दोनशेपर्यंतचे हे आकडे हाताने काढले होते. केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी आणि रामानुजन यांनी असे सूत्र शोधले की ज्याने न मोजता त्या आकड्यापर्यंत पोचता यावे, आणि ते मॅकमहोन यांच्या आकड्याशी जुळले. पेढे मांडून बसलेल्या मुलाला ही जुळणी किती विलक्षण आहे हे न सांगता कळते. या चित्रपटाला केन ओनो आणि मंजुल भार्गव यांच्यासारख्या गणितज्ञांचे साहाय्य होते आणि ते जाणवते.

उलट ‘अ ब्युटिफुल माइंड’ (२००१) मधल्या मद्यालयातल्या प्रसंगापासून सावध राहावे. गणितज्ञ जॉन नॅश यांना आपला समतोलाचा सिद्धांत तेथे सुचतो असे दाखवले आहे: सगळ्यांनी एका सुंदर मुलीमागे न लागता तिच्या मैत्रिणींकडे वळावे, म्हणजे कोणाचेच नुकसान नाही. गंमत अशी की हा नॅश समतोल नव्हेच. नॅश समतोलात कोणालाही एकट्याने आपली चाल बदलून फायदा होत नसतो. येथे तर बाकीचे मैत्रिणींकडे वळले की उरलेल्या एकाने त्या मुलीकडे जाणेच फायद्याचे ठरते. अर्थशास्त्राच्या परीक्षेत हा प्रसंग उदाहरण म्हणून लिहू नये.

मानसिक आजाराचे चित्रण कितपत विश्वासार्ह असते?

‘अ ब्युटिफुल माइंड’मुळे स्किझोफ्रेनिया या आजाराबद्दल घराघरांत बोलणे सुरू झाले, हे त्याचे मोठे देणे आहे. तरी काही गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. चित्रपटात नॅश यांना माणसे दिसतात. प्रत्यक्षात त्यांना प्रामुख्याने आवाज ऐकू येत. पडद्याला दिसणारे भास सोयीचे असतात, एवढेच त्याचे कारण. प्रिन्स्टनच्या प्राध्यापकांनी त्यांच्यापुढे आदराने पेने ठेवण्याचा सोहळा रचलेला आहे, आणि नोबेल समारंभातले ते गहिवरलेले भाषणही त्यांनी कधी केलेले नाही. चित्रपटात ते नवी औषधे घेत असल्याचे सांगतात; खऱ्या नॅश यांनी १९७० नंतर औषधे घेतली नव्हती. रुग्णांनी चुकीचा बोध घेऊन औषधे सोडू नयेत, या काळजीपोटी ते वाक्य घातले असे नॅश यांनीच म्हटले होते. हा बदल मी निःसंकोचपणे क्षम्य मानतो. ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घराने चित्रपटातल्या या वाक्याकडे आणि आपल्या डॉक्टरांकडे पाहावे. नॅश यांच्या अपवादाकडे पाहू नये.

स्टीफन हॉकिंग यांच्यावरचा कोणता चित्रपट पाहावा?

‘द थिअरी ऑफ एव्हरीथिंग’ (२०१४) अधिक गाजला. तो त्यांच्या पहिल्या पत्नी जेन यांच्या आठवणींवर आधारलेला आहे, त्यामुळे तो मुळात एका संसाराचा चित्रपट आहे. कृष्णविवरे त्यात तोंडी लावण्यापुरती येतात. आजारी प्रतिभावंताला अंघोळ कोण घालतो, मुलांचे डबे कोण भरतो आणि स्वतःचा प्रबंध कोणाचा मागे पडतो, हे जो चित्रपट दाखवतो त्याला मी विज्ञानाबाहेरचा म्हणणार नाही. हॉकिंग यांनी तो ढोबळमानाने खरा असल्याचे म्हटले आणि आपला यंत्राचा आवाज त्यात वापरू दिला.

मराठी वाचकाने मात्र बीबीसीचा ‘हॉकिंग’ (२००४) हाही आवर्जून पाहावा. जून १९६४ मध्ये रॉयल सोसायटीत खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आपला नवा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडत असताना एक काठी टेकणारा विद्यार्थी उठून त्यातली एक राशी अनंत होते असे सांगतो, हा प्रसंग त्यात येतो. तो सिद्धांत हॉइल आणि नारळीकर यांचा होता. आपले जयंत नारळीकर तेव्हा केंब्रिजला हॉइल यांच्याबरोबर काम करत होते आणि हॉकिंग यांची बसण्याची जागा त्यांच्या खोलीपासून दूर नव्हती. आकडेमोड हॉकिंग यांनी आधीच पाहिलेली होती. पडद्यावर मात्र ती चूक विजेसारखी क्षणात सुचल्याचा आभास होतो. तो काळ नारळीकरांच्या बाजूने कसा दिसत होता हे ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्रात वाचता येते, आणि एका कालखंडाच्या अशा दोन बाजू आपल्या भाषेत उपलब्ध असणे ही चैन आहे.

भारतीय शास्त्रज्ञांवरचे कोणते चित्रपट पाहण्याजोगे आहेत?

माझ्या यादीत तपन सिन्हा यांचा ‘एक डॉक्टर की मौत’ (१९९०) सर्वांत वर आहे, जरी तो नावाने चरित्रपट नाही. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, जगातल्या पहिल्या परीक्षानळी बालकानंतर अवघ्या ७० दिवसांनी, भारतातील पहिले असे मूल जन्माला आले. त्यांच्यावर विश्वास ठेवण्याऐवजी त्यांची चौकशी आणि बदली झाली, आणि १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपवले. चित्रपटाने नाव बदलले, शोध बदलून कुष्ठरोगाच्या लशीचा केला, आणि तरीही खरेपणा सोडला नाही. फायली, रजेचे अर्ज, वरिष्ठांचा थंड मत्सर आणि घरी थकून बसलेली पत्नी, हे सगळे पंकज कपूर आणि शबाना आझमी यांनी असे उभे केले आहे की सरकारी खात्यात काम केलेल्या माणसाला एकही प्रसंग परका वाटत नाही. पुढे, ज्यांच्या प्रयोगांतून १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात परीक्षानळी बालक जन्मले, त्या टी. सी. आनंद कुमार यांनीच मुखोपाध्याय यांची टिपणे तपासून पहिलेपणाचा मान त्यांना द्यावा असे १९९७ मध्ये मांडले. स्वतःकडचा मान दुसऱ्याला देण्याच्या या प्रसंगावर वेगळा चित्रपट व्हायला हवा.

‘रॉकेट बॉईज’ (२०२२) ही मालिका होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांच्यावर आहे. केरळातल्या थुंबा या अग्निबाण-तळावरचे चर्च, सायकलवरून नेलेले अग्निबाणाचे भाग, हे सगळे इतिहासात आहे. भाभांचा प्रतिस्पर्धी म्हणून येणारा मेहदी रझा मात्र पूर्णपणे कल्पित आहे, आणि भाभांच्या १९६६ च्या विमान अपघातामागे जो कट दाखवला आहे त्याला पुरावा नाही. पुन्हा सालोमालो.

‘रॉकेट्री’ (२०२२) मध्ये इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांच्यावर झालेला अन्याय खरा आहे. १९९४ मध्ये त्यांना हेरगिरीच्या आरोपावरून अटक झाली, आरोप टिकले नाहीत, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५० लाख रुपयांची भरपाई देवविली. चित्रपटातले त्यांच्या तांत्रिक कामगिरीचे दावे मात्र इस्रोतल्या त्यांच्या काही माजी सहकाऱ्यांनी जाहीरपणे नाकारले आहेत. एखाद्यावर अन्याय झाला म्हणून सगळ्यांचे काम त्याच्या नावावर चढवण्याची गरज नसते.

‘हवाईजादा’ पाहिला. शिवकर बापूजी तळपदे यांचे विमान खरोखर उडाले होते का?

तसा विश्वासार्ह समकालीन पुरावा नाही. तळपदे हे मुंबईचे, विमानविद्येने झपाटलेले गृहस्थ होते आणि त्यांनी प्रयत्न केले यात संशय नाही. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांचे विमान उडाल्याची कथा मात्र पुढे सांगोवांगी वाढत गेली. या कथेला ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा आधार जोडला जातो, तो विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत सांगून लिहवून घेतलेला आहे, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत असा निष्कर्ष काढला. २०१५ चा हा चित्रपट विमान उडवून दाखवतो आणि प्रेक्षकाला छाती फुगवून घरी पाठवतो. मराठी माणूस म्हणून मलाही ते उडालेले आवडले असते.

मराठीत काय पाहावे?

‘आनंदी गोपाळ’ (२०१९) पाहावा. आनंदीबाई जोशी या संशोधक नव्हत्या, वैद्यक शिकलेल्या होत्या. पण १८८६ साली पेनसिल्व्हेनियात पदवी घेईपर्यंतचा प्रवास आणि त्यानंतर वर्षही पुरे न होता, एकविसाव्या वर्षी आलेला मृत्यू, यांतून त्या काळी विद्येची किंमत काय पडत होती ते कळते. चित्रपट गोपाळरावांना काहीसा मऊ करतो. त्यांचा हेकटपणा आणि मारहाण आहे, पण प्रेमकथेच्या प्रकाशात ती सौम्य भासते. पाहिल्यावर आनंदीबाईंची पत्रे वाचावीत.

मुलांना कोणत्या वयात दाखवावे?

‘हिडन फिगर्स’ पाचवी-सहावीपासून चालतो, रामानुजन यांच्यावरचा आठवीपासून. ‘ओपनहायमर’ आणि ‘एक डॉक्टर की मौत’ बारावीच्या आधी दाखवू नयेत असे माझे मत आहे. पहिला त्यातल्या दृश्यांमुळे आणि दुसरा त्यातल्या निराशेमुळे.

आधी पुस्तक वाचावे की आधी चित्रपट पाहावा?

आधी चित्रपट. उलट केल्यास माणूस तीन तास चुका मोजत बसतो आणि शेजारच्याला ऐकवत राहतो. मी स्वतः हे केले आहे आणि घरच्यांनी मला दुसऱ्या खोलीत बसवले आहे.

शेवटी येणाऱ्या पाट्या वाचाव्यात का?

वाचाव्यात, आणि संशयाने वाचाव्यात, कारण तेथे पार्श्वसंगीत भरात असते आणि प्रेक्षक काहीही मान्य करायला तयार असतो. रामानुजन यांच्या चित्रपटाच्या शेवटी १९७६ मध्ये सापडलेल्या हरवलेल्या वहीचा उल्लेख येतो. ती वही नव्हती. जॉर्ज अँड्र्यूज यांना केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, दुसऱ्या एका गणितज्ञाच्या सामानाच्या खोक्यात जे सापडले, ते सुटे, विस्कळीत कागद होते; १३८ पृष्ठे मजकूर आणि सहाशेहून अधिक सूत्रे, सिद्धता एकाचीही नाही. मार्च १९१९ मध्ये मुंबईला उतरल्यापासून एप्रिल १९२० मध्ये मृत्यू येईपर्यंत रामानुजन यांनी ती आजारपणात लिहिली होती. नवऱ्यामागे उरलेले कागद जानकी यांनी मद्रास विद्यापीठाच्या स्वाधीन केले आणि तेथून ते इंग्लंडला गेले. चित्रपटातली जानकी लग्नाच्या वेळी तरुणी आहे. खरी जानकी दहा वर्षांची होती, आणि विधवा झाली तेव्हा विशीत पाऊल टाकत होती. त्यानंतर ती काही वर्षे मुंबईत राहिली, १९३१ साली मद्रासला परतली आणि तिरुवल्लिकेणीत शिवणकामावर आणि विद्यापीठाच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर तिने संसार चालवला. ती १९९४ पर्यंत हयात होती. यातले पाटीवर काहीही नाही.